डिस्कची चौकशी

राहीबाईंचा लॅपटॉप मेला असता तर मानसिंगरावांना दोन म्हशी मिळणार होत्या.

म्हशी कुणी फुकट देणार नव्हतं. पैसे पेन्शनचेच जाणार होते. पण म्हशीला धार काढणारं माणूस लागतं, आणि ते माणूस साताऱ्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बसून लोकांच्या पोरापोरींची लग्नं जुळवत होतं. मानसिंगराव पलटणीतून हवालदार म्हणून सुटले, मग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, आणि आता कुठेच उभं राहायचं उरलं नाही म्हणून त्यांना पाटणच्या वर असलेलं आपलं गाव आठवायला लागलं होतं. घर बांधून तयार होतं. गोठा घराहून चांगला झाला होता. लॅपटॉप बंद पडला की राहीबाईंचं वधूवर सूचक केंद्र बंद, केंद्र बंद झालं की साताऱ्याचं भाडं बंद, आणि भाडं बंद झालं की पहाटे म्हशीखाली राहीबाई. आपण स्वतः धार काढायला मानसिंगरावांची ना नव्हती. पण म्हशीला पुरुषाचा हात मानवत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हशीचं मत कुणी घेतलं नव्हतं.

करार झाला होता दिवाळीत, मुलगी पूजा पुण्याहून आली होती तेव्हा, तिच्या देखत.

"लॅपटॉप चालतोय तवर सातारा," मानसिंगराव म्हणाले होते. "बंद पडला की गाव. नवा घ्यायचा न्हाई."

"आन दुरुस्ती?" राहीबाईंनी चकली मोडता मोडता विचारलं होतं.

"दुरुस्तीला कोन नगं म्हनतंय?"

तेव्हा लॅपटॉप ठणठणीत होता. त्यामुळे या एका वाक्यात आपण काय देऊन बसलो, ते मानसिंगरावांच्या लक्षात आलं नाही. राहीबाईंच्या आलं होतं. बैठकीत समोरचा पाहुणा बोलण्याच्या भरात काय सोडतो, ते वेचत राहणं हाच त्यांचा धंदा.

आणि आता, सांगलीचा मेळावा रविवारवर आलेला असताना, सोमवारी सकाळी लॅपटॉपच्या पोटातून टकटक सुरू झाली.

राहीबाईंनी पूजाला फोन लावला आणि तो लॅपटॉपला टेकवला. डॉक्टरनं नळी लावावी तसं पूजानं पुण्यातून ऐकलं.

"आई, हार्ड डिस्क चाललीय. तू जे काही साठवतेस ना, ते सगळं तिच्यात असतं. नवीन घाल, आणि जुनी जिवंत आहे तोवर सगळं नवीनवर उतरवून घे. दुसरीकडे कुठं कॉपी ठेवलीयस?"

"न्हाई."

"किती वेळा सांगितलं, ऑनलाइन ठेव म्हणून!"

"लोकांच्या लेकींचं फोटो मी हवेत टांगून ठिवू व्हय गं? उद्या कुनी काढलं तर तिच्या बापाला काय सांगू?"

राहीबाईंकडे चारेकशे घरांचा विश्वास होता आणि तो सगळा त्या टकटकणाऱ्या पेटीत होता. फोटो, पत्रिका, उंची, शिक्षण, जमीन बागायत की जिरायत, आणि कुणी स्वतःहून सांगत नाही ते राहीबाईंचे शेरे. सांगलीत हॉल घेऊन, मोठा पडदा लावून मेळावा भरवायची त्यांची ही पहिलीच वेळ. नाव पुकारलं की पडद्यावर फोटो यायला हवा. नाही आला तर लोक हसत घरी जातील, आणि राहीबाई न हसता गावी.

"मी आनतो डिस्क," मानसिंगराव एकदम उठून म्हणाले. "बाजारात कशापायी जायाचं? मिल्ट्रीचं कॅन्टीन हाय की."

साताऱ्यात माजी सैनिकाच्या घरात हे वाक्य कुणी खोडत नाही. पंखा कॅन्टीनचा, कुकर कॅन्टीनचा, पोरीच्या लग्नातला मिक्सर कॅन्टीनचा. बाजारातून पूर्ण किमतीला काही आणलं तर शेजारी अशा नजरेनं बघतात, जणू घरात कुणी आजारी आहे. राहीबाईंनी मान डोलावली.

मंगळवारी मानसिंगराव साबण घेऊन आले. बुधवारी दाढीचं क्रीम आणि एक विजेरी.

"डिस्क?"

"फुडच्या गाडीत येनार म्हनत्यात. जरा दम धर की. टकटक करतोय म्हंजे जिवंत हाय न्हवं?"

लॅपटॉप आता सुरू व्हायला इतका वेळ घेई की राहीबाई तेवढ्यात चहा करत, पीत, कपबशी विसळून ठेवत, आणि तरी पडदा काळाच. बुधवारी संध्याकाळी शेजारच्या माया जिन्यात भेटल्या. त्यांचेही यजमान पलटणीतलेच. राहीबाईंनी सहज विषय काढला.

"डिस्क? कॅन्टीनला?" माया हसल्या. "आवं ताई, त्यो माल तितं कवाच येत न्हाई. आमच्या ह्यांनी गेल्या साली इचारलं हुतं की. मानसिंगभावजी शेजारीच उबं हुतं तवा."

राहीबाई घरात आल्या. मानसिंगराव नव्या विजेरीचा झोत छतावर पाडून बघत होते. दुसरी एखादी तिथंच भांडली असती. राहीबाईंनी आमटीला फोडणी दिली. इतक्या वर्षांत त्या एक शिकल्या होत्या: ज्या घराला नकार द्यायचाय पण तोंडानं म्हणवत नाही, ते घर तारखा पुढे ढकलतं. अशा वेळी वाद घालायचा नाही. गुपचूप दुसरं स्थळ बघायचं.

शुक्रवारी सकाळी "हॉल बघून येते" म्हणून त्या निघाल्या. लॅपटॉप जुन्या गोधडीत गुंडाळून पिशवीत घातला होता. साताऱ्यात डिस्क मिळाली नसती असं नाही, पण तिथं दर दुसऱ्या दुकानात मानसिंगरावांच्या पलटणीतला कुणीतरी गप्पा मारत बसलेला असतो. एसटीत कराडपर्यंत आणि पुढेही त्यांनी पिशवी मांडीवरून हलवली नाही. खड्डा आला की त्या पिशवीवर हात ठेवत. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलंच, "तान्हं हाय का काय?"

"म्हातारं हाय," राहीबाई म्हणाल्या.

सांगलीत हॉल बघून झाला. कॉम्प्युटरचं दुकान हॉलच्याच रस्त्याला होतं: काचेचं दार, आत गारवा, पाटीवर पुष्कर नावाच्या मालकाचा मोबाईल नंबर. राहीबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आत न जाता समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसल्या.

स्थळाची चौकशी स्थळाच्या घरी करायची नसते. घरी गेलं की पोहे मिळतात, खरं मिळत नाही. चौकशी पिठाच्या गिरणीत करावी, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराण्यात. आणि विचारताना आपल्याला त्यातलं काही विशेष नको आहे असं दाखवावं.

"चहा द्या. साखर कमी," राहीबाई म्हणाल्या. "बरी चालती व्हय वो गाडी? समोर दुकान हाय मोठं."

चहावाले सयाजी गाळणं आपटत म्हणाले, "त्या दुकानावरच चालतीया म्हना. लोकं आत मशीन ठेवत्यात आन हितं येऊन काळजी करत्यात."

"भांडनं हुत्यात का?"

"न्हाई न्हाई. भांडान न्हाई. पोरगं सरळ हाय. लबाडी न्हाई." सयाजींनी कप पुढे केला आणि जरा वाकून आवाज खाली आणला. "खोड येकच. गिऱ्हाईक मागंल ते देतंय. चूक मागितलं तरी चूकच देतंय. आपनहून तोंड उगडत न्हाई. इचारलं तर खरं सांगतंय, पर इचारावं लागतंय."

राहीबाईंनी चहा निवांत संपवला. असे मुलगे त्यांनी शेकडो पाहिले होते. दारू पीत नाही, खोटं बोलत नाही, आणि बायकोला लग्नानंतर कळतं की याला रात्रपाळी आहे. का सांगितलं नाहीस, तर म्हणे कुणी विचारलं नाही.

दुकानात त्यांनी गोधडी सोडली. पुष्करनं लॅपटॉप लावून टकटक ऐकली आणि चेहरा गंभीर केला.

"मावशी, डिस्क बदलावी लागेल. एक टीबीची देऊ का? सगळे तीच नेतात. भरपूर जागा."

"आत्ताची केवढी हाय?"

"पाचशे जीबीची. त्यातही तुमचं सगळं मिळून शंभरसुद्धा भरलेलं नाहीये."

"मग जागा घेऊन मी काय करू? झाडायला कोन येनार?" राहीबाई स्टुलावर टेकल्या. "दुसरं काय हाय दाखवायला? बसा निवांत, मला घाई न्हाई."

घाई त्यांना होतीच, मेळावा परवावर आला होता. पण मुलीकडच्यांनी घाई दाखवली की देणंघेणं वाढतं.

पुष्करनं काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. एक जड, एक हलकी. "ही हार्ड डिस्क. आणि ही एसएसडी. काम तेच, पण हिच्यात जागा कमी, अडीचशे, आणि पैसे जवळपास तेवढेच."

"हिच्या आत काय असतंय?" राहीबाईंनी जड डबीवर बोट ठेवलं.

"चकती असते. ती सारखी फिरते."

"फिरता फिरता हादरा बसला तर?"

"जाऊ शकते," पुष्करनं कबूल केलं. "तुमच्या जुनीचं तेच झालं असणार."

"मी महिन्यातनं चार बारी एसटीनं हिंडते. आन ही दुसरी?"

"हिच्यात फिरणारं काहीच नाही. आवाज नाही, गरम कमी होते."

"म्हंजे येका जागी बसून काम करनारी."

"हो, तसंच म्हणा." पुष्करला हसू आलं.

"आदी कुनाला दिली हुती का? परत आलेली न्हवं?"

"नाही मावशी, सील आहे. बघा."

"वय?"

"तीन वर्षांची गॅरंटी आहे."

"आन गेली तर कशी जाती? सांगून जाती का?"

पुष्करला विचारलं गेलं होतं, त्यामुळे सांगणं भाग होतं. "खरं सांगू का? न सांगता जाते. टकटक वगैरे नाही. म्हणून एक कॉपी बाहेर ठेवायची. छोटी बाहेरची डिस्क मिळते, कपाटात ठेवता येते."

"कपाटात?" राहीबाईंचे डोळे चमकले. "हवेत न्हाई?"

"कपाटात. कुलूप लावून ठेवा हवं तर."

आता राहीबाईंनी शेवटचा प्रश्न काढला. हा प्रश्न त्या मध्यस्थांना विचारत, आणि त्यावर कितीतरी ठरलेली लग्नं मोडली होती. मध्यस्थ मुलाची एवढी तारीफ करतो, तर मग त्याला स्वतःची पुतणी का देत नाही?

"तुमी बिलं करता त्या मशिनीत यातली कुटली घातलीया?"

पुष्करनं काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग राहीबाईंकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एसएसडी."

"केवढी?"

"अडीचशेचीच."

"आन लोकांला एक टीबी."

"लोक येतात तेच जागा किती विचारत मावशी. जागा विचारतात, म्हणून मी जागा विकतो. हे कुणी विचारतच नाही."

"म्या इचारलं," राहीबाई म्हणाल्या. "हीच द्या. आन त्या कपाटातली बी द्या."

पण अवघड काम पुढेच होतं. जुन्या डिस्कनं मरायच्या आधी सगळं नव्या डिस्कला सांगायला हवं होतं. पुष्करनं दोन्ही वायरीनं जोडल्या, पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली. "मध्येच जुनी गेली तर माझ्या हातात काही नाही, आधीच सांगतो," तो म्हणाला. न विचारता. सुधारणा होती.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. टकटक वाढली. राहीबाईंनी पदर घट्ट धरला. चारेकशे घरं त्या पट्टीच्या टोकाला येऊन उभी होती.

"एकाच जागी अडकलीय. तिथलं वाचता येत नाहीये तिला," पुष्कर कीबोर्डकडे हात नेत म्हणाला. "बंद करून पुन्हा..."

"हात लावू नगा." राहीबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "म्हातारं मानूस आठवत असताना मदी बोलायचं नसतंय. ऱ्हावूद्या."

नुसतं बसून राहणं राहीबाईंना जमत नाही, म्हणून त्यांनी विचारलं, "वय काय तुमचं?"

"एकतीस."

"घरी?"

"आई. वडील नाहीत. घर स्वतःचं आहे, माधवनगरला."

"मग आडलंय कुटं?"

पुष्करनं खांदे उडवले. "कुणी विचारलंच नाही."

राहीबाईंनी पिशवीतून छापील अर्ज काढला. जात, गोत्र, उंची, अपेक्षा. अपेक्षांच्या रकान्याशी तो अडखळला तेव्हा राहीबाईंनीच सांगितलं, "लिवा, बोलनारी पायजे. दोघंबी गप ऱ्हाईला तर घरात टकटक सुदीक हुनार न्हाई."

तो लिहीत असताना पट्टी हलली. मग हळूहळू, थांबत थांबत, शेवटपर्यंत गेली. जुन्या डिस्कनं दोन वेळा खरखर केली आणि ती कायमची गप्प झाली. पुष्करनं नवी आत बसवली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. राहीबाई सवयीनं चहाला उठणार तोच पडदा उजळला. सगळी स्थळं जागच्या जागी होती. एक फोटो उघडून बघितला, दुसरा बघितला, मग उगीचच तिसरा.

"येवढ्यात?" त्या म्हणाल्या, आणि स्टुलावरच एकदा वळून त्यांनी मागं बघितलं, कुणीतरी बघायला हवं होतं म्हणून.

तेवढ्यात मानसिंगरावांचा फोन आला.

"राही, लॅपटॉप घरात दिसंना गं."

"दवाखान्यात आनलाय."

"आरारा! गेला का?" त्यांच्या आवाजातलं दुःख जरा जास्तच नीटनेटकं होतं.

"न्हाई. दुरुस्त झाला. दुरुस्तीला कोन नगं म्हनतंय?"

पलीकडून सावध प्रश्न आला, "कितीला पडली?"

"कॅन्टीनपरीस सस्तात. आन आवं, गावाकडं नाथाजीभावजींना फोन करा. म्हनावं, तुमच्यासाठी राखलेल्या म्हशी दुसऱ्याला द्या. बिचारं आडवून बसल्यात."

"नाथाजीचं तुला कुनी सांगितलं?"

"चौकशी केली," राहीबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रविवारी मानसिंगराव न बोलावता इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत शेजारी येऊन बसले. "गर्दी हुईल. लाईन कोन लावनार?" एवढंच म्हणाले. सांगलीच्या हॉलच्या दारात त्यांनी अशी लाईन लावली की मुलांचे मामे, काके, आत्या सगळे छाती काढून उभे राहिले. आत राहीबाई नाव पुकारत, आणि नाव तोंडातून पूर्ण बाहेर पडायच्या आत पडद्यावर फोटो येई. दर वेळी सभागृहातून हलकासा 'अरेच्चा' निघे. पुष्करचा फोटो आला तेव्हा त्याच्या आईनं तिथल्या तिथं दृष्ट काढली. दुपारपर्यंत मेळाव्याची बातमी मिरजेला पोचली आणि उशिरा आलेली माणसं जिन्यावर बसली. पुढचा मेळावा कोल्हापूरला घ्या, म्हणून दोघांनी तारीखच मागितली.

राहीबाईंचा नियम कडक होता. पैसे भरल्याशिवाय बिल्ला नाही, बिल्ला नसेल तर नाव पुकारलं जाणार नाही. सख्ख्या भावाच्या पोरालाही सूट नव्हती. एकदा सूट दिली की उरलेले लोक मूर्ख ठरतात, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी त्यांनी मंचावरून पाहिलं. कवठे महांकाळचे लालासाहेब, द्राक्षबाग राखून असलेले, मुलगा वीरधवलला घेऊन पैसे भरायच्या टेबलापर्यंत आले आणि तिथूनच मागं फिरले. पैशाची अडचण नव्हती. "सातवा मेळावा हाय ह्यो," ते कुणालातरी सांगत होते. "दर बारीला भरायचं, जेवायचं आन घरी जायाचं. शेतकऱ्याच्या पोराला कोन देतंय आता? बास झालं." वीरधवल खाली मान घालून बुटाचं टोक फरशीवर घासत उभा होता. मानसिंगराव लाईन सोडून त्यांच्याकडे गेले. काय बोलले ते मंचापर्यंत ऐकू आलं नाही. राहीबाईंना पुढचं नाव पुकारायचं होतं.

थोड्या वेळानं हातात आलेल्या चिठ्ठ्यांत वीरधवलचं नाव होतं. तो मंचावर आला तेव्हा छातीला बिल्ला होता. मूळव्याधीच्या डॉक्टरसमोर बसावं तसा तो माईकसमोर उभा राहिला, पण बागेबद्दल विचारल्यावर बोलत सुटला, हात हलवून, न थांबता. दोन घरांनी त्याचा नंबर टिपून घेतला. लालासाहेब शेवटच्या रांगेत उठून उभे राहिले होते, आणि मग बसायचं विसरून गेले.

संध्याकाळी बिल्ले आणि पैसे जुळले. एकही बिल्ला जास्त नाही, एकही रुपया कमी नाही.

"लालासाहेबांचं कुनी भरलं?" राहीबाईंनी विचारलं.

"मला काय ठावं," मानसिंगराव खुर्च्या रचत म्हणाले. "मी लाईन बगत हुतो."

मानसिंगरावांना लाईनीतून बाहेर पडलेला माणूस बघवत नाही. जन्माची खोड आहे ती. राहीबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

तेव्हा हिशोब असा. दोन्ही डिस्कचे पैसे राहीबाईंनी दिले, त्यातले थोडे पुष्करच्या नोंदणीत परत आले. वीरधवलचे कुणी दिले ते कुठेच लिहिलेलं नाही. सहाच्या एसटीत कंडक्टर आला, आणि पुरुषमाणूस म्हणून मानसिंगरावांसमोर उभा राहिला. मानसिंगरावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. ते खिडकीबाहेर बघू लागले, बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं तरी.

राहीबाईंनी पिशवीतून नोट काढून पुढे केली. "दोन सातारा," त्या म्हणाल्या. "माझं अर्धं, ह्यांचं पूर्ण."